रुडबेकियाला कळी येत नाही? युरियाची पिशवी ठेवून द्या

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे): ऑक्टोबरमध्ये ब्लॅक-आयड सुझन, म्हणजे रुडबेकियाचं बी पेरलं. जानेवारी आला तरी रोपं जमिनीलगत पसरलेली; नुसती पानं, कळी एक नाही. शेजारी युरिया द्या म्हणतात. देऊ का?

उत्तर: ताई, मुळीच देऊ नका. रोपं उपाशी नाहीत, त्यांना रात्र मोठी पडते आहे. रुडबेकिया मूळचं उत्तर अमेरिकेतलं, मोठ्या दिवसांवर फुलणारं झाड. दिवस साधारण 14 तासांचा झाला की ते जोमाने दांडा काढतं, दिवस लहान असला की पानांचा झुबका करून बसून राहतं. पुण्यात डिसेंबरचा दिवस 11 तासांचा, जूनमध्येही 13 तासांच्या जरासाच वर. युरियातलं नत्र जास्त झालं तर पाला माजेल, मावा (रस शोषणारी बारीक कीड) येईल आणि पुढे दांडे लोळतील.

घाई असेल तर रात्री 10 ते 2 रोपांवर दोन-तीन फूट उंचीवर पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब लावा. कळ्या दिसेपर्यंत खंड नको. पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले असेच दिवे लावतात, पण फुलणं लांबवायला, कारण शेवंती लहान दिवसांत फुलते. तेव्हा तिची कुंडी या दिव्याखाली ठेवू नका.

अधूनमधून केसाळ पानं बोटांनी बाजूला सारून गाभा बघा. मधली पानं उभी होऊन आखूड देठ वर सरकताना दिसला की काम झालं. पाणी सकाळी, बुंध्याशीच द्या. गाभ्यात साचलं तर रोप कुजतं. पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, ऊन चढायच्या आत फवारा. पुढच्या वेळी बी मातीत गाडू नका, नुसतं दाबा. उगवायला त्याला उजेड लागतो.

प्रश्न (सासवड): झेंडूऐवजी अर्धा एकर हेच लावू का?

उत्तर: दादा, एवढी उडी नको. झेंडू पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात किलोवर जातो, हारात ओवला जातो. हे फूल दांड्यासकट विकायचं. आधी बुकेवाले, डेकोरेशनवाले यांच्याशी बोला. कुणी घ्यायला तयार झालं तर एकच सरी, दीड-दीड फुटावर रोप. जागा निचऱ्याची निवडा, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात लावू नका.