कॅप्टाइनचा तारा साध्या डोळ्यांनी दिसतो का? आणि त्यात एवढं विशेष काय आहे?

नाही, दिसत नाही. त्याची दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) सुमारे ८.९ आहे, त्यामुळे निदान द्विनेत्री तरी हवी. दक्षिण आकाशात, अगस्त्य ताऱ्यापासून फार लांब नसलेल्या चित्रफलक तारकासमूहात तो आहे. अंतर फक्त १२.८ प्रकाशवर्षं (गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या लंबनावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणाऱ्या किंचित फरकावरून), तरीही अंधुक, कारण तो लाल खुजा तारा आहे: वस्तुमान सूर्याच्या साधारण पाव पटीहून थोडं जास्त, पृष्ठभागाचं तापमान ३,५०० केल्विनच्या आसपास.

खरी गंमत त्याच्या गतीत आहे. आकाशात तो दरवर्षी सुमारे ८.७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो, म्हणजे दोनशेहून थोड्या अधिक वर्षांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा. डच खगोलशास्त्रज्ञ कॅप्टाइन यांना १८९० च्या दशकात छायाचित्रांच्या काचांवरून हे लक्षात आलं, आणि बर्नार्डचा तारा सापडेपर्यंत (१९१६) आकाशात सर्वांत वेगाने सरकण्याचा विक्रम याच्याच नावावर होता. शिवाय तो सेकंदाला जवळपास २४५ किमी वेगाने आपल्यापासून दूर जातोय आणि आकाशगंगेच्या केंद्राभोवती इतर बहुतेक ताऱ्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यात जड मूलद्रव्यंही (हायड्रोजन आणि हेलियमपेक्षा जड) कमी आहेत. हे दोन्ही एकत्र पाहिलं की तो आकाशगंगेच्या प्रभामंडलातला (तबकडीभोवती पसरलेल्या विरळ, जुन्या ताऱ्यांच्या गोलाकार भागातला) जुना तारा ठरतो, आपल्याला सर्वांत जवळचा.

मात्र त्याच्या ग्रहांबद्दल वाचाल ते जपून घ्या. २०१४ मध्ये दोन ग्रह जाहीर झाले होते. नंतरच्या विश्लेषणात ते संकेत ताऱ्याच्या स्वतःच्या परिवलनामुळे आणि पृष्ठभागावरच्या हालचालींमुळे आले असावेत असं दिसलं.