ओइकोशी आणि ओइनुकी: दोन्ही ‘ओव्हरटेक’च का?

जपानमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘स्कूटरच्या लायसन्ससाठी जपानीतून लेखी परीक्षेचा अभ्यास चालू आहे. सराव प्रश्नांत “ओइकोशी” आणि “ओइनुकी” हे दोन शब्द सारखे येतात. शब्दकोशात दोन्हींपुढे “ओव्हरटेक करणे” एवढंच दिलंय. फरक काय? आणि मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत का?’

फरक आहे. पुढच्या गाडीला गाठलंत, आपला मार्ग बदललात, तिच्या बाजूने गेलात आणि तिच्यापुढे आलात, तर ती ओइकोशी. मार्ग न बदलता, आपल्याच रेषेत सरळ जात तिच्या बाजूने पुढे निघालात, तर ती ओइनुकी. ओइकोशीची व्याख्या जपानच्या १९६०च्या रस्ते वाहतूक कायद्यात दुसऱ्याच कलमात आहे आणि तिच्यात ‘शिन्रो ओ काएते’, म्हणजे ‘मार्ग बदलून’, असं स्पष्ट म्हटलंय. सगळा भेद या तीन शब्दांवर उभा आहे.

शब्दकोश चुकलाय असं मात्र नाही. रोजच्या बोलण्यात जपानी माणसं हे दोन शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी वापरतात. शर्यतीत कुणाला मागे टाकलं, वर्गात कुणाच्या पुढे नंबर काढला, तरी ‘ओइनुकु’ म्हणतात. तिथे मार्ग बदलण्याचा संबंधच नसतो. शब्दांची फोड करूनही फारसं हाती लागत नाही. दोन्हींत ‘ओउ’ म्हणजे मागे लागणं आहे. ‘कोसु’ म्हणजे ओलांडणं, घाट ओलांडतो तसं. ‘नुकु’ म्हणजे उपटून किंवा ओढून काढणं: दात काढणं, तण उपटणं. फोड सुंदर आहे, पण कायद्याचा अर्थ तिच्यातून निघत नाही. तो व्याख्येतूनच घ्यावा लागतो, आणि या परीक्षेच्या जपानीबद्दल मला सांगायचंय ते हेच. तिथले साधे वाटणारे शब्द कायद्याच्या मापाने कापलेले असतात.

हा भेद परीक्षेत कुठे उपयोगी पडतो ते पाहा. चौकात आणि चौकाच्या अलीकडे ३० मीटरच्या आत ओइकोशीला मनाई आहे (तुम्ही प्राधान्य असलेल्या रस्त्यावर असाल तर सूट). ओइनुकीला तिथे अशी मनाई नाही. पण पादचाऱ्यांच्या झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडच्या ३० मीटरमध्ये दोन्ही बंद, कारण शेजारच्या गाडीआडून अचानक माणूस पुढे येऊ शकतो. मग प्रश्न येतो: ‘झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे ३० मीटरच्या आत ओइकोशी करता येत नाही, पण ओइनुकी करता येते.’ उत्तर बात्सु, म्हणजे चूक. दोन्ही शब्दांना ‘ओव्हरटेक’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न नीट वाचताही येणार नाही.

मराठीकडे वळू. ‘मागे टाकणे’ दोन्हीकडे चालतं, कारण ते फक्त निकाल सांगतं. कसं टाकलं ते सांगत नाही. ‘ओव्हरटेक मारला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाडी बाहेर काढून परत आत घेणं येतं, म्हणून ओइकोशीला मी ‘ओव्हरटेक’च ठेवेन. ओइनुकीला एकच ठाशीव शब्द आपल्याकडे नाही. ‘बाजूने पुढे निघणे’ हे वहीत लिहून ठेवायला पुरेसं आहे. नवा संस्कृत शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही; आरटीओतली ‘अनुज्ञप्ती’ कागदावरच राहिली आणि लोक लायसन्सच काढतात.

याच जातीचे आणखी काही शब्द तुम्हाला भेटतीलच. ‘जोको’चा अर्थ शब्दकोशात ‘हळू जाणे’. आपल्या घाटातली ‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटी मनात आणू नका. कायद्यातली जोको म्हणजे गाडी ताबडतोब थांबवता येईल अशा वेगाने जाणं. पाठ्यपुस्तकं ढोबळमानाने ताशी १० किलोमीटरपर्यंत सांगतात. ताशी ५० वरून ३० वर आलात तर सावकाश झालात, पण जोको झाली नाही.

‘तेइशा’ आणि ‘चूशा’ ही जोडी तर याहून चकवणारी आहे. आपण एकीला ‘थांबणं’ आणि दुसरीला ‘पार्किंग’ म्हणून मोकळे होतो. पण कुणाची वाट पाहत उभे असाल, तर स्कूटरवर बसलेले असलात आणि इंजिन चालू असलं तरी ती चूशा. सामानाची चढउतार पाच मिनिटांत आटोपली तर ती तेइशा, पाच मिनिटांच्या वर गेली की चूशा. इथेही किती वेळ आणि कशासाठी थांबलात, ते बघायचं.

आणि ज्या वाहनाचं लायसन्स तुम्ही काढताय त्याचं नावच नीट पाहा. ‘गेन्त्सुकी’ हे ‘गेन्दोकीत्सुकी जितेन्शा’चं लघुरूप, म्हणजे इंजिन लावलेली सायकल. कायद्याच्या भाषेत गेन्त्सुकी ‘जिदोशा’ (मोटार वाहन) नाही, पण ‘शार्यो’ (वाहन) आहे. सायकलसुद्धा शार्योमध्ये येते. म्हणून प्रश्नात ‘जिदोशा’ दिसलं की तो नियम तुमच्या स्कूटरला लागू नसण्याची शक्यता असते. ‘शार्यो’ दिसलं की तुम्ही त्यात आलात. २०२५च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या, पण शक्ती ४ किलोवॉटपर्यंत मर्यादित ठेवलेल्या गाड्याही या लायसन्सवर चालवता येतात. त्यांनाही जुनेच नियम: वेग ताशी ३०, मागे कुणाला बसवायचं नाही, आणि आपल्या दिशेला तीन किंवा जास्त लेन असलेल्या रस्त्यावर सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळायचं तर दोन टप्प्यांत, आधी सरळ पलीकडे जाऊन मग वळायचं. जपानमध्येही वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे अवघड वळण उजवंच.

परीक्षेत ३० मिनिटांत ४८ प्रश्न असतात. त्यातले ४६ एकेका गुणाचे आणि चित्रं देऊन धोका ओळखायला लावणारे दोन प्रश्न दोन-दोन गुणांचे. ५० पैकी ४५ मिळाले की पास. म्हणजे पाच गुणांपलीकडे घसरायची सोय नाही, आणि ते बहुतेक वेळा नियम न कळल्यामुळे जात नाहीत, क्रियापद नीट न वाचल्यामुळे जातात. ‘हिरवा दिवा असताना पुढे गेलंच पाहिजे’ हे विधान चूक, कारण हिरवा दिवा ‘पुढे जाता येतं’ एवढंच सांगतो. चौकापलीकडे गाड्या तुंबल्या असतील तर थांबायचं. (जपानी या दिव्याला ‘आओ’, म्हणजे निळा, म्हणतात; प्रश्नात निळा वाचून गोंधळू नका.)

इथे मात्र मराठी माणसाला मोठा आधार आहे. आपलंही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि सक्ती, मुभा, मनाईची रूपंही तिथेच जोडली जातात. ‘नाकेरेबा नारानाई’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’. ‘कोतो गा देकिरु’ म्हणजे ‘करता येतं’. ‘ते वा नारानाई’ला ‘करता कामा नये’ चपखल बसतं. आणि ‘तेमो योई’ तर शब्दाला शब्द ‘केलं तरी चालतं’. सराव करताना आधी वाक्याचं शेपूट मराठीत मोठ्याने म्हणा, मग मागे येऊन ओइकोशी आहे की ओइनुकी, जिदोशा आहे की शार्यो ते पाहा, आणि त्यानंतरच मारु (बरोबर) की बात्सु ठरवा.