फॅटी लिव्हर अन् ग्रीन टी: कप चालतो, कॅप्सूल नको

अंबाजोगाईच्या दादांनी विचारलंय की सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन (लिव्हरमध्ये चरबी, पहिली पायरी) आलंय, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) थोडं वाढलंय अन् जिममधला पोरगा म्हणायलाय ग्रीन टीच्या कॅप्सूल घ्या, लिव्हर साफ होतंय. मी लातूरला लॅबमध्ये असतो, असले रिपोर्ट रोजच हातातून जातेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादा, ती डबी आधी बाजूला ठेवा. ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य ईजीसीजी, एका कपात ते साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम उतरतं, पत्ती किती अन् किती वेळ ठेवली त्यावर. कॅप्सूलमध्ये तेच दाबून भरलेलं असतं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याच्यावर गेलं की लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतेत, पाण्यात केलेला साधा चहा मात्र सहसा सुरक्षित. अन् उपाशीपोटी कॅप्सूल घेतली की ते रक्तात जास्तच चढतं, आपल्याकडं तर सगळे सकाळी उठल्या उठल्याच गिळतेत. काहींच्या जनुकातच असं असतं की त्यांना लवकर त्रास होतो, ते आधी कळत नाही.

आमच्याकडं एक तरणा पोरगा आलता, पावडरी, कॅप्सूल सगळंच चालू होतं त्याचं. रक्ताचं सॅम्पल मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं सिरम, म्हणजे रक्तातलं पाणी, हळदीच्या पाण्यासारखं पिवळंजर्द, कावीळच ती. नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही, पण डॉक्टरनं आधी सगळ्या डब्या बंद केल्या.

आता अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींचं ऑक्सिडेशननं होणारं नुकसान रोखणाऱ्या द्रव्यांचं. लिव्हरकडं असली स्वतःचीच द्रव्यं, ग्लुटाथायोन, कॅटलेज वगैरे, असतेत, ग्रीन टीतली द्रव्यं थोडी गेली तर ह्या यंत्रणेला हातभार लावतेत, पण डोस लई वाढला की तीच उलटतेत अन् ऑक्सिडेशन वाढवतेत, उंदरांवर हे दिसलंय. म्हणजे जास्त घेतलं की जास्त फायदा, हे इथं चालतच नाही. फॅटी लिव्हरच्या पेशंटवर छोटे अभ्यास झालेत, काहींत एसजीपीटी थोडं उतरलं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. खरं काम वजनाचं हाय, 85 किलोचा माणूस सहा किलो उतरला तरी लिव्हरची चरबी बऱ्यापैकी कमी होती. टपरीवर साखरेचा चहा चार वेळा चालूच अन् वरून ग्रीन टी, असले लई बघितलेत! येळवशीला (वेळा अमावास्येला) अंबील-भज्जी खुशाल हाणा हो, रोजचं गोड अन् दारू असंल तर ती बंद करा.

प्यायचाच तर दिवसाला दोन-तीन कप, बिनसाखरेचा, पाणी उकळून जरा निवू द्यायचं मग पत्ती टाकायची, दोन-तीन मिनिटं बस्स. जेवणासोबत नको, तासभर अंतर ठेवा, जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. वहिनींचं हिमोग्लोबिन कमी असंल तर त्यांनी तर हे पाळाच.

तीनेक महिन्यांनी एसजीपीटी परत करा, सोबत शुगर अन् ट्रायग्लिसराइडही. मधीच लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर तीन महिने थांबू नका, त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा अन् काय काय घेत होता ते डबीसकट न्या.