खाडीचा वारा आणि ओव्हरस्टेबल मिडरेंज

प्रश्न: नमस्कार, मी नेरूळला राहतो, आधी अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळायचो, आता डिस्क गोल्फचं, म्हणजे डिस्क फेकून टार्गेट गाठायच्या खेळाचं, वेड लागलंय. मिडरेंजमध्ये, म्हणजे मध्यम अंतराच्या थ्रोसाठी, एकच डिस्क आहे, डिस्क्राफ्टची बझ. सकाळी मस्त सरळ जाते पण दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि त्याच्या तोंडावर बॅकहँड टाकली की उजवीकडे वळते ती परत येतच नाही. मी राइटी आहे, उजव्या हाताने टाकतो. मित्र म्हणतात ओव्हरस्टेबल घे, डायनॅमिक डिस्क्सची जस्टिस बघून ठेवलीय, घेऊ का?

उत्तर: ओव्हरस्टेबल, म्हणजे तुमच्या बॅकहँडला वेगातही उजवीकडे न वळता शेवटी डावीकडे येणारी डिस्क, घ्याच, पण जस्टिस लगेच नको. समोरून वारा असला की डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे तुम्ही जोरात फेकल्यासारखंच होतं आणि बझसारखी डिस्क जास्त वळते, त्यात बझमध्ये काही खोट नाहीये. आता आकडे बघा, क्रमाने स्पीड, ग्लाइड, टर्न (वेगात असताना वळणं) आणि फेड (वेग कमी झाल्यावर वळणं): बझ ५, ४, -१, १ आणि जस्टिस ५, १, ०.५, ४. स्पीड दोघींचा सारखाच, पण दुसरा आकडा ग्लाइडचा, तो जस्टिसला १ आहे म्हणजे हवेत तरंगणं जवळपास नाहीच, आणि शेवटचा ४ म्हणजे वेग कमी झाला रे झाला की डावीकडे धपकन खाली. हात खूप फास्ट नसेल तर वारा नसताना ती तुम्हाला अर्ध्या वाटेत सोडणार, मग ती बॅगेतच पडून राहते आणि पैसे गेल्याचं वाईट वाटतं. त्यापेक्षा इनोव्हाची रॉक३ घ्या (५, ४, ०, ३), वाऱ्यात टिकते आणि एरवीही रोज वापरता येते. वारा रोजचाच असेल तर गेटर (५, २, ०, ३), ती लवकर खाली येते पण वाऱ्याला दाद देत नाही.

प्लास्टिक मात्र इनोव्हाचं टिकाऊ चॅम्पियनच घ्या, त्यांचं साधं डीएक्स झाडांवर आपटून लवकर झिजतं आणि ज्यासाठी घेतली तो ओव्हरस्टेबलपणाच जातो. वजन १७५ ग्रॅमच्या वरचं बघा, हलकी डिस्क वाऱ्यात उडते. पावसाळ्यात चॅम्पियन ओली झाली की हातातून सटकते, तेव्हा प्रत्येक थ्रोआधी कड नीट पुसा, खालचा आतला भाग सुद्धा, बोटं तिथेच असतात.

आणि अल्टिमेटवाल्यांचा फोरहँड चांगला असतो, तो इथे खूप कामाला येतो! फोरहँडमध्ये मनगट थोडं वाकडं पडून डिस्क डगमगली तरी ओव्हरस्टेबल मिडरेंज ते सांभाळून घेते, शेवटी उजवीकडे वळते, त्यामुळे झाडामागे लपलेल्या टार्गेटसाठी मी तरी हीच काढते. वाऱ्यात फक्त जोर वाढवू नका, नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, खाली ठेवा आणि स्पिन द्या.

प्रश्न: माझ्याकडे डिस्क्राफ्टची झोन आहे, तरी ओव्हरस्टेबल मिडरेंज लागेल का? (कळव्याहून)

उत्तर: सध्या नको. झोन ४, ३, ०, ३ आहे, अप्रोचला, म्हणजे टार्गेटजवळ न्यायच्या छोट्या थ्रोला, वाऱ्यात तेच काम करते. झोन टाकून सतत कमी पडायला लागलं की मग गेटर घ्या.