भाचीचं पुस्तक

"मावशी, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवते. वय ४३. मला टीनएजर मुलांच्या कादंबऱ्या आणि ग्राफिक नॉव्हेल्स वाचायचा नाद आहे. घरात सगळे हसतात. नवरा म्हणतो, 'लेकरांची पुस्तकं वाचायचं वय आहे का हे?' जाऊबाई तर पाहुण्यांसमोर विषय काढतात. आता मी पुस्तकं दिवाणात, साड्यांखाली ठेवते. परवा कहरच झाला. नववीतल्या एका मुलीनं माझ्या पिशवीतलं 'पर्सेपोलिस' पाहिलं आणि विचारलं, 'मॅडम, हे कुणाचंय?' मी घाईघाईनं म्हणाले, भाचीचं. (ही मुलगी आजीजवळ राहते, आईबाप ऊसतोडीला गेलेत. मधल्या सुट्टीतही वर्गातच बसून असते.) मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं नुसतं वयच वाढलं का? हे वाचन सोडून देऊ का?"

बाई, सोडू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. 'माउस' या चित्रकादंबरीला १९९२ साली अमेरिकेत पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रं असली म्हणजे पुस्तक पोरासोरांचं, हा वाद तिकडं केव्हाच मिटलाय. तुमच्या घरात चालू असेल तर चालू द्या. नवऱ्याच्या आणि जाऊबाईंच्या हसण्यावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

मला बोलायचंय त्या कंसातल्या मुलीबद्दल.

तुमची फजिती कशी झाली ते सांगायला तुम्ही तिला पत्रात आणलंत आणि लगेच कंस बंद केलात. अहो, नववीतली पोर मॅडमच्या पिशवीत डोकावून 'हे कुणाचंय' विचारते, तेव्हा ती चौकशी करत नसते, मागत असते. आपल्याकडच्या पोरी 'मला द्या' असं तोंडानं म्हणत नाहीत. आणखी अर्धी भाकरी हवी असली तरी नुसत्या दुरडीकडं बघतात. शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? तुम्ही म्हणालात, भाचीचं. म्हणजे तिनं काय समजायचं? असली पुस्तकं कुठल्यातरी शहरातल्या, कुणाच्यातरी भाचीची असतात. आपली नसतात.

मला राग आलाय तो याचा.

आणि पुस्तक तरी कुठलं निघावं! तुम्ही वाचलंय, तरी पुन्हा आठवा. पहिल्याच चौकटीत डोक्यावर रुमाल बांधलेली दहा वर्षांची मुलगी हाताची घडी घालून बसलीय. साल १९८०, गाव तेहरान. मार्जान सात्रापीनं स्वतःचीच गोष्ट नुसत्या काळ्या-पांढऱ्यात काढलीय. पोरगी देवाशी भांडते, मास्तरणीला उलट बोलते, चोरून विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटी घेते, रस्त्यात पकडली जाते. आणि चौदाव्या वर्षी, युद्ध चालू असताना, आईबाप तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवून देतात. विमानतळावर ती मागं वळून बघते, तर बापानं बेशुद्ध आईला उचलून धरलेलं.

नववीतली म्हणजे तुमची ही पोरही चौदा-पंधराचीच असणार. तिच्या बाबतीत आईबाप गेले आणि ती मागं राहिली, एवढाच फरक. दसरा-दिवाळीला टोळ्या निघाल्या की साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेस्तोवर तिची आई उसाच्या कुठल्या फडात, कुठल्या कोपीत आहे, हे तिला फोन लागला तर कळणार. याबद्दल तिच्याशी कोण बोलतं? आजी तरी काय बोलणार. मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहणाऱ्या मुलीला 'बाहेर जाऊन खेळ' सांगणारे पुष्कळ असतात.

किशोरांच्या कादंबऱ्यांची आज जी एवढी गर्दी दिसते, तिच्या सुरुवातीलाही एक पोरगीच होती. एस. ई. हिंटन. 'द आउटसाइडर्स' तिनं शाळेत असतानाच लिहायला घेतलं आणि १९६७ साली ते छापून आलं तेव्हा ती अठराची होती. आपल्या वयाची पोरं खरी जशी आहेत तशी पुस्तकांत भेटतच नाहीत, ही तिची तक्रार. आपल्याकडं बालपणावर काही कमी लिहिलेलं नाही, पण बहुतेक ते पन्नाशीतल्या माणसानं मागं वळून, गहिवरून लिहिलेलं. (मलाही ते आवडतं. पण मी पन्नाशीच्या पुढची आहे.) चौदाव्या वर्षी गहिवर नको असतो. आत्ता काय चाललंय, ते सांगणारं कुणीतरी हवं असतं.

तेव्हा सोमवारी ते पुस्तक घेऊन शाळेत जा आणि तिच्या हातात द्या. वर्गासमोर नाही, मधल्या सुट्टीत. तोंडानं म्हणा, "हे माझंय. मला आवडलं, तू वाच." भाची का म्हणालात, त्याचा खुलासा करत बसू नका, पोरींना कळतं.

इंग्रजी झेपणार नाही म्हणाल. म्हणूच नका, इंग्रजी तुम्हीच शिकवता ना? चौकटीत दोन-तीन वाक्यं असतात आणि अडलेलं निम्मं चित्रच सांगतं. पहिली दहा पानं शेजारी बसून मराठीत सांगा, पुढं ती आपली आपण जाईल. तुरुंगातल्या छळाची काही पानं त्यात आहेत. ती चिकटवून टाकू नका. 'हे पुढं येणार आहे, वाचून त्रास झाला तर माझ्याकडं ये' एवढं आधी सांगून ठेवा. वाचून झाल्यावर सारांश लिहून आणायला लावलात, तर मात्र मी तुम्हाला पुन्हा पत्राचं उत्तर देणार नाही.

आणि उशीर करू नका, माय. तुम्ही त्याच भागातल्या, तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की घराघरांत सोयरिकीची बोलणी सुरू होतात. लग्न झालं की जोडी, जोडी झाली की एक कोयता, आणि कोयत्यावर मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. एका पुस्तकानं हे थांबेल असं मी म्हणत नाही, इतकी भोळी मी नाही. पण 'मला अजून शिकायचंय' हे घरात म्हणायची वेळ त्या पोरीवर येईल, तेव्हा आपलं म्हणणं घेऊन जावं असं एक तरी मोठं माणूस शाळेत आहे, हे तिला ठाऊक असलं पाहिजे. ते तुम्ही व्हा. गुढीपाडव्याच्या आत तिची दोन पुस्तकं वाचून झालेली असू द्या. दुसरं कुठलं द्यायचं, ते तिलाच दिवाणातून निवडू द्या.

— मावशी