पासवर्ड लांब हवा, अवघड नको

जन्मतारीख, गाडीचा नंबर, 'गणपती123' यातलं काहीही नको. 7776 शब्दांची यादी घे आणि फासे टाकून त्यातून चार शब्द काढ. त्यांच्या 3,600 लाख कोटींहून जास्त जोड्या होतात. शब्द स्वतः निवडू नकोस, मन नेहमी ओळखीच्याकडेच धावतं. दादर, माटुंगा, शीव हा क्रम तर अख्ख्या मुंबईला पाठ आहे! समजा कासव, फोडणी, जिना, तंबोरा आले: जिन्यात बसलेलं कासव तंबोऱ्याला फोडणी देतंय, हे चित्र लोकलमध्ये दोनचारदा डोळ्यांपुढे आण, पक्कं बसेल. (हेच चार मात्र घेऊ नकोस.) रोमन अक्षरांत टाइप करताना स्पेलिंग कायम एकच ठेव. आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नकोस. बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.