दोन जीबीच्या हिशोबातला समर सेल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: विजयदुर्गजवळच्या वाडीत राहतोस, आंब्याच्या हंगामात पेट्या भरून दोन हजार रुपये गाठीला आलेत, स्टीमचा, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, समर सेल लागलाय आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम पाव किमतीत दिसतोय. लॅपटॉप साधा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फायबर आणि ५जी दोन्ही वाडीपर्यंत पोचलेलं नाही, त्यामुळे नेट म्हणजे मोबाईलचा रोजचा दोन जीबीचा पॅक. शिवाय लायब्ररीत आधीचेच ढीगभर गेम न खेळता पडलेत, मग आणखी घ्यावेत का?

तुझ्या प्रश्नाखाली आतापर्यंत सगळ्यांनी सुचवलेली गेमची नावं चांगलीच आहेत. पण ती मुंबई-पुण्याच्या फायबरवर बसून सुचवलेली आहेत. आपल्याकडे किमतीच्या आधी गेमचा आकार बघावा लागतो, आणि तो का, हे नीट सांगतो.

स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. २०१५ पासून ही सोय आहे आणि आपल्यासारख्या मोजून खर्च करणाऱ्यांना तिचा फार मोठा आधार आहे. आता ती तुझ्या पॅकला लावून बघ. चौदा दिवस गुणिले दोन, झाले २८ जीबी. त्यातून घरच्यांचे व्हिडिओ कॉल, तुझं स्वतःचं यूट्यूब, हे वजा कर. रोजचा दीड जीबी गेमच्या वाट्याला आला तरी चौदा दिवसांत २१ जीबीच उतरतात. म्हणजे वीस जीबीच्या वरचा गेम घेतलास, तर तो तुझ्या लॅपटॉपवर चालतो की नाही हे कळायच्या आतच परताव्याची मुदत संपलेली असते. रेड डेड स्टीमच्या पानावर १५० जीबी जागा मागतो. दीड जीबीने शंभर दिवस. आज सुरुवात केलीस तर लावणी होईल, गणपती येऊन जातील, नवरात्राच्या आसपास तो उतरेल, आणि मग ग्राफिक्स कार्डावाचून तो चालायचाच नाही. तो यंदा नको. गेम उत्तम आहे, कुठे पळून जात नाही, दर मोठ्या सेलला पुन्हा स्वस्त होतो.

तिथला जागेचा आकडा हा डिस्कवरचा असतो. प्रत्यक्ष उतरवायचं ओझं बऱ्याचदा त्याहून कमी भरतं, पण हिशोब धरताना मोठाच आकडा धरावा.

दुसरी गोष्ट घाईची. पहिल्या रात्रीच खरेदी उरकायची काहीच गरज नाही. पूर्वी काही तासांपुरत्या झटपट सवलती असायच्या, त्या २०१५ च्या शेवटाला बंद झाल्या. आता पहिल्या दिवशीची किंमत सेल संपेपर्यंत तीच राहते. किंमत वाढवल्यानंतर ३० दिवस सवलत लावता येत नाही असाही स्टीमचा नियम आहे, त्यामुळे सेलच्या तोंडावर किंमत चढवून मग उतरवल्याचं नाटक तिथे फारसं जमत नाही. तरीही टक्क्यांवर जाऊ नकोस. स्टीमडीबी किंवा 'इज देअर एनी डील' ही किमतींची नोंद ठेवणारी साइट उघडून त्या गेमची आजवरची सगळ्यात खालची किंमत बघ. आजची किंमत तिच्या जवळ असेल तर घे, नाहीतर विशलिस्टमध्ये टाकून ठेव, सवलत लागली की मेल येतो. आणि सेलच्या आठवडाभर आधी काही पूर्ण किमतीला घेतलं असशील तर ते परत करून सेलच्या भावात पुन्हा घ्यायला स्टीमची हरकत नसते, तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १४ दिवस आणि दोन तास एवढं पाळलं की झालं.

आता गेम कुठले. इथे मी एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, जो शहरातली मंडळी विचारत नाहीत: गेम सेव्ह कसा होतो? पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असते, डेस्कटॉप असेल तर तेवढाही आधार नाही.

'स्टारड्यू व्हॅली' घे. २०१६ चा गेम, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने केलेला, आणि पाचशे एमबीत मावतो. शेती, मासेमारी, गावातली माणसं. पण त्याची मेख लक्षात ठेव: तो फक्त दिवस संपवून झोपल्यावर सेव्ह होतो. गेममधला एक पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा. तेवढ्यात लाईट गेली की त्या दिवशीची पेरणी, पकडलेले मासे, खाणीत खालपर्यंत उतरलेले मजले, सगळं गेलं. बाहेर वीज कडाडायला लागली की दिवस लवकर आवरून घरात जाऊन झोपावं. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर हा गेम दिवसाउजेडी, आभाळ उघडलेलं असताना खेळावा.

'स्ले द स्पायर' याच्या उलट. पत्त्यांचा गेम, एक जीबी जागा, साध्या लॅपटॉपवरही चालतो. लढाईच्या मध्यात बंद पडला तर ती लढाई सुरुवातीपासून मिळते, त्यामागचा प्रवास शाबूत राहतो. वेळेचं बंधन नाही, समोर पत्ते मांडलेले असताना कोणी हाक मारली तर उठून जाता येतं. एकत्र कुटुंबात राहणाऱ्याला हा गुण किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये आलेला 'बलाट्रो' तर अवघी १५० एमबी जागा मागतो. तो तू दुपारच्या जेवणाच्या वेळेत उतरवशील. तोही पत्त्यांचाच, पण पोकरचे हात, म्हणजे पत्त्यांच्या ठरलेल्या जुळण्या, माहीत नसले तरी चालेल, पहिल्या दोन-तीन डावांत सगळं कळतं. या दोघांपैकी एकच घ्यायचा असेल तर माझं मत 'स्ले द स्पायर'ला. तो महिनोन्‌महिने पुरतो.

हात चालवणारं काही हवं असेल तर 'सेलेस्ट', सव्वा जीबीच्या आतला. डोंगर चढायचा, दर पडद्याला नवी सुरुवात, त्यामुळे मेलास तरी काही सेकंदांचंच नुकसान. 'हॉलो नाइट'ला नऊ जीबी लागतात, म्हणजे तुझा सहा दिवसांचा डेटा. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या छोट्याशा चमूने २०१७ मध्ये तो काढला आणि पैशाच्या मानाने त्यात एवढं काम भरलंय की मला आजही नवल वाटतं. पण गेममधल्या बाकावर, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते तिथे, जाऊन बसेपर्यंत तो निर्धास्त होऊ देत नाही, मेल्यावर जमवलेले पैसे जागेवर राहतात आणि ते आणायला परत तिथवर जावं लागतं. चिडचिड होते. चिकाटी असेल तरच घे.

'ड्रेज' खास तुझ्यासाठी सुचवतो. न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सचा, २०२३ चा. लहान बोट, बंदरं, धुकं, रात्री समुद्रात थांबलं की डोक्यावर ताण वाढत जातो आणि नको ते दिसायला लागतं. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडची यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत खेळायला मला याहून जवळचा गेम माहीत नाही. पकडलेला मासा बोटीतल्या मोजक्या जागेत फिरवून-फिरवून बसवायचा असतो, ज्याने बर्फाच्या पेटीत मासळी रचली आहे त्याचा हात तिथे आपोआप चालतो. तुझ्या लॅपटॉपवर जड जाईल का, ते मात्र दोन तासांच्या आत तपास. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी'सुद्धा याच पद्धतीने बघ. आपल्या मातीतला गेम म्हणून तो खेळावाच असं मला मनापासून वाटतं, पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं.

तपासायचं कसं, तर गेम सुरू झाल्यावर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये घड्याळ घालवू नकोस, खेळाचा वेळ तिथेही मोजला जातो. सगळं खालच्या दर्जावर ठेवून अर्धा तास सलग खेळ, पंख्याचा आवाज आणि चित्राचं अडखळणं बघ. लॅपटॉप गादीवर नको, पाटावर किंवा टेबलावर ठेव. आपल्या दमट, खाऱ्या हवेत आतली धूळ चिकट होऊन बसते. वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, कोणाकडून तरी उघडून साफ करून घे.

डेटा वाचवायचे उपाय आहेत. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये जाऊन, गेम सुरू करीन तेव्हाच अपडेट घे असं ठरवून टाक, नाहीतर न खेळलेले गेमच तुझे दोन जीबी खाऊन टाकतात. कणकवली किंवा देवगडात फायबर असलेला मित्र असेल तर लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जा. त्याच्याकडे तोच गेम असला तर एकाच वायफायवर स्टीम तो त्याच्या यंत्रावरून तुझ्याकडे ओढून घेतं, २०२३ पासून ही सोय आहे. गणपतीला येणाऱ्या चाकरमानी भावंडांनाही सांगून ठेवता येतं. तू विकत घेतलेला गेम त्यांच्याकडे असेल तर त्याचं फोल्डर हार्ड डिस्कवर आणायचं, तुझ्या स्टीमच्या फोल्डरमध्ये ठेवून इन्स्टॉल दाबायचं. स्टीम फाइली तपासतं आणि कमी पडेल तेवढंच उतरवतं. त्यानंतर एकदा नेट चालू असताना गेम उघड, मग ऑफलाइन मोडमध्ये आठवडाभर टॉवर बंद असला तरी खेळता येईल.

पडून राहिलेल्या गेमांचं ओझं मनावर घेऊ नकोस. त्यातले बरेचसे एपिकने, म्हणजे स्टीमसारख्याच दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने, गुरुवारी फुकट दिलेले असणार. ते घेत राहा, सध्या आपल्या वेळेनुसार रात्री साडेआठला बदलतात, मोबाईलच्या ब्राउझरवरूनही खात्यात जमा होतात, उतरवावे लागत नाहीत. फुकट मिळालेला गेम संपवलाच पाहिजे असं काही नाही. एका वेळी लॅपटॉपवर एक मोठा आणि एक पत्त्यांचा, एवढेच ठेव. मोठा कंटाळवाणा झाला तर बिनदिक्कत काढून टाक आणि पुढचा घे. 'आधीचे संपवल्याशिवाय नवीन घेणार नाही' हा नियम इथे अनेकांनी सांगितलाय, मला तो पटत नाही. त्याने नावडता गेम रेटत बसायची सवय लागते आणि पुढे खेळणंच सुटतं.

तर दोन हजारांत 'स्टारड्यू व्हॅली', 'स्ले द स्पायर' आणि 'ड्रेज' एवढंच घे, उरलेले पैसे पुढच्या सेलसाठी राहू देत. ते घ्यायच्या आधी लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅम किती आहे ते इथे लिही. रॅम चार जीबी असेल तर 'ड्रेज'च्या जागी 'सेलेस्ट' घ्यायला सांगेन.